योगनिद्रेला आडवं होण्याआधी

योगनिद्रेत पाठीवर पडून, रेकॉर्डिंगमधल्या सूचनांप्रमाणे लक्ष शरीराच्या एकेका भागावर फिरवायचं असतं. बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केलेल्या पद्धतीत सुरुवात उजव्या हाताच्या अंगठ्यापासून होते. अट एकच, शेवटपर्यंत हलायचं नाही. म्हणून ज्या ज्या कारणाने हलावंसं वाटेल, त्याचा बंदोबस्त आधीच करायचा.

साधारण सात फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद जागा लागते, कारण पायांत दीड फुटाचं अंतर आणि हात अंगापासून वीतभर लांब राहतात. हॉलमधला टीपॉय सरकवला की तेवढी होते. पलंग मात्र नको. गादीवर पाठ खचते आणि पाच मिनिटांत घोरणं सुरू होतं.

लादीवर सतरंजी, तिच्यावर दुहेरी गोधडी घाला. नुसती योगा मॅट पुरत नाही. चार-सहा मिलिमीटरच्या मॅटवर टाचा आणि डोक्याची मागची बाजू दहा मिनिटांत ठणकू लागते.

डोक्याखाली काय ठेवता, त्यावर बरंच अवलंबून असतं. घरच्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. हनुवटी छताकडे वळली असेल तर मान मागून आवळते. तेव्हा डोक्याखाली तीन-चार सेंटीमीटर जाडीची चादरीची घडी द्या. हनुवटी छातीला टेकत असेल तर उशी जाड झाली. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर दिसलं की जमलं. कंबर जमिनीपासून उचललेली राहून दुखत असेल, तर गुडघ्यांखाली लोड किंवा ब्लँकेटची जाड गुंडाळी सरकवा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत पाठीवर झोपू नये. डाव्या कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी घेऊन करावं.

पडून राहिलं की अंग गार पडतं, अगदी मे महिन्यातही. पातळ चादर पांघरूनच सुरू करा, थंडीत पायमोजे घाला. पंखा डोक्यावर नको, बाजूला आणि मंद असू द्या. डासांचं मशीन अर्धा तास आधी लावा. डोळ्यांवर सुती नॅपकिनची घडी ठेवा, पण नाक मोकळं राहिलं पाहिजे.

रेकॉर्डिंग आधीच डाउनलोड करून फोन फ्लाइट मोडवर टाका. ऑनलाइन लावलं तर ऐन वेळी कर्जाची जाहिरात कानात ओरडते.

जेवणानंतर तीन तास, नाश्त्यानंतर दीड तास जाऊ द्या. पोट भरलेलं असलं की झोप लागते, फार रिकामं असलं की लक्ष तिथेच अडकतं. दूधवाला, कामवाल्या मावशी, कचऱ्याची गाडी यांच्या वेळा टाळा. बऱ्याच घरांत संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात हा काळ मोकळा मिळतो. गॅसवर कुकर चढवून मात्र आडवं होऊ नका, कान शिट्ट्याच मोजत बसतात. लघवीला जाऊन या, घड्याळ काढून ठेवा, कमरेचा नाडा सैल करा.

पंचवीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगसाठी चाळीस मिनिटं राखून ठेवा: अंथरायला आणि नीट पडायला सात-आठ, उठायला निदान पाच. उठताना थेट बसायचं नाही. आधी बोटं हलवा, मग उजव्या कुशीवर वळून दोन मिनिटं पडून राहा, आणि डाव्या हाताने जमिनीवर जोर देऊन बसा. रक्तदाब कमी असणाऱ्यांनी उभं राहण्याआधी भिंतीला टेकून आणखी थोडं बसावं, नाहीतर चक्कर येते.