पेट्रोलवर चालणारे लाकूड फोडण्याचे यंत्र सुरक्षितपणे कसे वापरावे

सोलापूर आणि आसपासच्या वखारींत बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका फोडण्याची जुनी रीत दोन माणसांची आहे. एक जण पाचर धरतो आणि दुसरा घण मारतो. वखारीत यंत्र आले, तरी ही सवय सुटत नाही. एक जण ओंडका लावतो आणि दुसरा यंत्र चालवण्याचा दांडा ओढतो. या यंत्रावर बोटे जाण्याचे मोठे कारण हीच वाटणी आहे, कारण ओंडका सरळ करायला पुन्हा पुढे गेलेला हात दांडा धरणाऱ्याला दिसेलच असे नाही, आणि इंजिनाच्या आवाजात ‘सोड’ आणि ‘ओढ’ हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणून पहिला नियम असा की ओंडका लावणारा आणि दांडा ओढणारा माणूस एकच असावा. मदतीला आलेल्याने ओंडके आणून जमिनीवर ठेवावेत आणि निदान १० फूट मागे सरावे. लहान मुलांना तेथे फिरकूही देऊ नये.

हा आग्रह कशासाठी, हे यंत्राची रचना पाहिली की कळते. इंजिन पंप फिरवते, पंप हायड्रॉलिक ऑइल सिलिंडरमध्ये ढकलतो आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर रेटतो; काही यंत्रांत पाचरच सरकते. सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि ऑइलचा दाब चौरस इंचाला ३००० पौंड असेल, तर दट्ट्याचा जोर सुमारे १७ टन होतो. बहुतेक यंत्रांचा पंप दोन टप्प्यांचा असतो, त्यामुळे दट्ट्या मोकळा असताना झपाट्याने येतो आणि लाकडाला टेकल्यावर मंदावतो, तेव्हा इंजिनाचा आवाजही जड होतो. नवख्या माणसाला तो मंद टप्पा भीतिदायक वाटतो, पण हात सापडतो तो बहुधा आधीच्या झपाट्यात.

यंत्र मोकळ्या हवेत, सपाट आणि कठीण जागी उभे करावे. भेगाळलेल्या किंवा ओल्या काळ्या मातीत चाके कलतात. मुरमाची जागा उत्तम, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पावसात सोय म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र चालवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि दार उघडे असले तरी तो आत साठू शकतो. सायलेन्सरजवळ पाचट, भुसा किंवा वाळलेले गवत नसावे.

पेट्रोल भरताना इंजिन बंद आणि थंड असलेच पाहिजे. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि इंजिन निवायला जास्त वेळ लागतो, म्हणून पहाटे टाकी भरून ऊन चढण्याआधी काम उरकणे श्रेयस्कर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. विडी ओढणारा माणूस दूर दिसला तरी धोका संपत नाही. पेट्रोल पंपावर डबा भरताना तो टेम्पोच्या रबरी मॅटवर न ठेवता जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. या यंत्राचे इंजिन सहसा चार-स्ट्रोक असते, त्यात ऑइल मिसळलेले पेट्रोल घालत नाहीत. साखळी करवतीसाठी लागणाऱ्या ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचा डबा वेगळा ठेवावा.

अंगावर घट्ट कपडे, डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण आणि पायांत मजबूत बूट असावेत. गळ्यातला पंचा आणि धोतराचा सोगा ढलपीत अडकला, तर दट्ट्या माणसालाच ओढून घेतो. हातमोजे बोटांना घट्ट बसणारे असावेत.

ओंडक्याची दोन्ही टोके काटकोनात कापलेली हवीत, कारण तिरके टोक दाबाखाली निसटून उडते. ओंडका यंत्राच्या तुळईवर, म्हणजे तो ठेवायच्या लांब लोखंडी बैठकीवर, आडवा न ठेवता लांबीच्या दिशेने ठेवावा. धाग्यांच्या आडव्या दिशेने तो फुटत नाही, फेकला जातो. तो नेहमी बाजूंनी धरावा, टोकांना हात कधीही लावू नये, आणि दट्ट्या टेकताच हात काढून घ्यावा. बांधावरच्या कडुनिंबाच्या आणि बाभळीच्या खोडात कुंपणाची जुनी तार किंवा खिळा गाडला गेलेला असतो, म्हणून साल नीट तपासावी. सालीखाली विंचूही असतो. गाठीचे लाकूड मधोमध न फोडता कडेने थोडे थोडे सोलत आणावे. काही सेकंद दाब देऊनही ओंडका फुटला नाही, तर दांडा सोडावा, कारण रेटत राहिल्याने ऑइल तापते. ओंडका पाचरीवर अडकला, तर दट्ट्या मागे घ्यावा, इंजिन बंद करावे, दांडा पुढे-मागे हलवून उरलेला दाब सोडावा आणि मगच दुसऱ्या लाकडाने ठोकावे. अर्धवट फुटलेले तुकडे चालू यंत्रावर हाताने फाडू नयेत.

ऑइलच्या पाइपवर ओलावा दिसला, तर बोटाने चाचपू नये. पुठ्ठा फिरवून गळती शोधावी. दाबाखालची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, पण आतले ऑइल ऊती नासवते, म्हणून तासाभराचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे आणि ‘हायड्रॉलिक ऑइल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगावे. बोट तुटले, तर जखम दाबून धरावी, १०८ ला फोन करावा, आणि तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बर्फ थेट लावू नये.

काम संपल्यावर दट्ट्या पूर्ण आत घ्यावा, म्हणजे त्याचा चकचकीत दांडा गंजत नाही, पेट्रोलची तोटी बंद करावी, आणि इंजिन निवल्यावरच आच्छादन घालावे. दुरुस्तीपूर्वी, तसेच यंत्र उघड्यावर सोडून जाताना, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी.