काचेवर स्वतःची छबी: कोकणात या चुका टाळा

काचेवर कलोडियन हा चिकट द्रव ओतायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत बुडवायची आणि ओली असतानाच फोटो घ्यायचा, ही ओल्या कलोडियनची पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये इंग्लंडच्या थंड हवेत प्रसिद्ध केली. तिथल्या वेळा मालवण-गुहागरात जशाच्या तशा चालत नाहीत.

पहिली चूक पाण्याची. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी अनेकदा मचूळ असतं. त्यातलं क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या टाकीत गेलं की द्रावण दुधाळ होतं. टाकीला आणि डेव्हलपरला, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावणाला, डिस्टिल्ड वॉटरच वापरा. घामातही तेच मीठ. ओलं बोट कडेला लागलं, तर डेव्हलप करताना तिथून डाग आत सरकतो. हातमोजे घाला, काच कोपऱ्यात धरा, कपाळाला पंचा बांधा.

मग उकाडा. कलोडियनमधलं इथर ३४.६ अंशांना उकळतं आणि मे महिन्यात दुपारी पडवी जवळपास तितकीच तापलेली असते. कलोडियन ओततानाच घट्ट होतं, लाटा उठतात. एरवी दहाएक मिनिटं ओली राहणारी काच इथे बरीच आधी सुकते. त्यात मॉडेलही आपणच, म्हणजे हीच मिनिटं धावपळीत जातात. काच टाकीत सोडण्याआधीच खुर्ची, उजेड, फोकस पक्कं करा.

फोकससाठी मला दोरीइतकं खात्रीचं काही वाटत नाही. लेन्सला दोरी बांधा, बसल्यावर ती डोळ्याखालच्या हाडाला टेकेल तिथे गाठ मारा. मग उठा, त्या गाठीपाशी काठीला छापील कागद लावून अक्षरं स्पष्ट करा. परत बसताना गाठ हाडाला टेकवा, दोरी सोडा. एक्स्पोजर काही सेकंदांचं असतं, म्हणून डोक्यामागे पक्का आधार हवाच. लेन्सची टोपी घरातल्या कुणाला तरी काढू द्या. स्वतः काढून धावत बसलात, तर मागची भिंत चेहऱ्यातून दिसते.

सगळी काच करडी आली, तर एक काच उजेड न दाखवताच डेव्हलप करून बघा. तीही करडी निघाली तर दोष काळोख्या खोलीत किंवा रसायनांत आहे. आधी डेव्हलपर थंड करा, ॲसिटिक ॲसिड थोडं वाढवा.

कुंकू काळं आणि निळा सदरा पांढरा येणं हा बिघाड नव्हे; कलोडियनला मुख्यतः निळा-जांभळा उजेडच कळतो.

पावसाळ्यात तयार चित्रावरचं संरक्षक व्हार्निश पांढुरकं पडतं, तेव्हा काच पूर्ण वाळवून, कोमट करून मगच लावा. व्हार्निश पेट घेतं, इथरची वाफही. चूल, समई, उदबत्ती त्या खोलीत नकोच. सिल्व्हर नायट्रेट डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल सक्तीचा. फिक्सिंगला, म्हणजे चित्र पक्कं करायला, सायनाइड नको, हायपो (सोडियम थायोसल्फेट) पुरेसा आहे.