कुंडलिकेच्या काठाने कुत्र्यासोबत: या चुका टाळा

एप्रिलमध्ये कोकणातल्या बहुतेक नद्यांचे नुसते गोटे उरतात, पण कोलाडजवळ कुंडलिका तेव्हाही भरलेली असते. मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, टर्बाइन फिरवतं आणि खाली नदीत पडतं. सकाळचं राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. इथे पहिली चूक होते. पाणी घोटाभर दिसतं, आभाळ कोरडं असतं, म्हणून आपण कुत्र्याला मोकळं सोडतो. पण ही नदी पाऊस बघून चढत नाही, वीजघर कधी चालू होतं त्यावर चढते.

आमचा खंड्या असाच एकदा दहा पावलं आत एका कातळावर जाऊन बसला होता. मी थर्मासमधून चहा ओतत होतो. बघतो तर शेजारी काढून ठेवलेली चप्पल तरंगत निघालेली! वर पाहिलं तर कातळाभोवती पाणी फिरलेलं आणि हे महाराज केविलवाणं कुंईकुंई करतायत. अंगावर लांब दोरी होती म्हणून ओढून घेता आलं. तीही छातीच्या हार्नेसला होती. गळ्यातल्या पट्ट्याला असती तर ओढताना गळाच आवळला असता. तेव्हापासून पाणी कधी सोडतात ते गावात विचारल्याशिवाय मी काठावर उतरत नाही.

दुसरी चूक पावसाळ्यानंतरची. ऑक्टोबरपासून गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. माणसाच्या सॉक्सला टोचली की आपण शिव्या देत उपटतो. कुत्र्याला ती सोय नाही. कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावरचे केस मागे वळलेले, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की कुत्रा एकच पंजा चाटत बसतो आणि दोन दिवसांत तिथे गळू येतं. कानात गेलं तर मान एका बाजूला कलते, डोकं सारखं झटकलं जातं. अशा वेळी इअरबड घालून कोरू नका, कुसळ आणखी आत जाईल. ते व्हेटनेच काढायचं काम आहे. लांब केसांच्या कुत्र्याचे पंजातले केस फिरायला निघण्याआधीच कापून टाकले तर निम्मा त्रास वाचतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो आणि कोकणातल्या दमट हवेत तेही नीट जमत नाही. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्यांना तर उन्हाळ्यात नेऊच नका. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चाल लडखडली की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसाच दवाखाना गाठा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

दगडांच्या फटीत नाक खुपसू देऊ नका, तिथे फुरसं, म्हणजे छोटा विषारी साप, असू शकतं. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं काही नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. वाटेतच फोन करून प्रतिसर्पविष कुठल्या दवाखान्यात आहे ते विचारा, नाहीतर तीन दारं फिरण्यात वेळ जातो.

आणि रान दिसलं की ते आपलंच, असं नाही. जवळच ताम्हिणी अभयारण्य आहे, मुरुडकडे फणसाड आहे. तिथे कुत्रा न्यायचा नाही. आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य आजार कोल्ह्या-बिबट्यांपर्यंत पोचू शकतो. बिबट्याचा हिशोब उलटाही चालतो, म्हणून संध्याकाळी झाडीत रेंगाळू नका.

गोचीड काढायला रॉकेल ओतणारे अजून भेटतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, बस. पुढचे तीन आठवडे मात्र लक्ष ठेवा: ताप, जेवणावरची वासना उडणं, फिकट हिरड्या यातलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या. आम्ही कोलाड नाक्यावर चहा सांगतो आणि तो येईपर्यंत कान, काखा आणि चारही पंजे बघून घेतो.