निशाणी ५ चा अर्ज आणि लेखी युक्तिवाद: या चुका टाळा

निशाणी म्हणजे कोर्टाच्या फाईलमधल्या कागदाचा नंबर, आणि निशाणी ५ म्हणजे दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज. त्यावर तोंडी युक्तिवाद झकास झाला, साहेबांनी म्हणजे न्यायाधीशांनी नीट ऐकूनही घेतलं, आणि तरी मनाईचा अर्ज नामंजूर, अशी तक्रार घेऊन ज्युनियर मंडळी येतात तेव्हा मी आधी अर्ज बघायला मागतो. बहुतेक वेळा गोम तिथेच असते. साहेब ऑर्डर डिक्टेट करायला बसतात तेव्हा तुम्ही समोर नसता, समोर असतो फक्त तुमचा कागद, आणि बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, अजून ढीगभर मॅटर पडलेले असतात. म्हणून लिहिताना स्वतःला एकच विचारा, हे वाक्य जसंच्या तसं ऑर्डरमध्ये उचलता येईल का?

तीन मुद्दे नुसते नावाला लिहिणं

"वादीची प्रथमदर्शनी केस आहे, सोयी-गैरसोयीचा तोल वादीच्या बाजूने आहे, अर्ज नामंजूर झाल्यास वादीचे कधीही भरून न येणारे नुकसान होईल." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं आणि त्यात युक्तिवाद असा काहीच नसतो. हा तर निष्कर्ष झाला, तो काढायचं काम कोर्टाचं. दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग (१९९२) मध्ये सुप्रीम कोर्टाने या तिन्ही गोष्टी कशा तपासायच्या ते सांगितलंय, तर तुमच्या फॅक्ट त्या तिन्ही खाली बसवून दाखवा ना.

समजा बांधाचा वाद आहे. मग असं लिहा: "दाव्याच्या तारखेला कब्जा वादीचा आहे, कारण चालू वर्षाच्या पीकपाहणीत वादीच्या नावे सोयाबीनची नोंद आहे (निशाणी ३ सोबतचा कागद क्र. २). प्रतिवादीला त्याच्या शेतात जायला उत्तरेकडून वेगळा रस्ता आहे हे त्याच्याच जबाबात कबूल आहे (निशाणी १४, परिच्छेद ६). बांधावरची जुनी आंब्याची झाडं एकदा तोडली की पैसे देऊन परत मिळणार नाहीत." तीन वाक्यांत तिन्ही मुद्दे, आणि प्रत्येकाला निशाणी नंबर. "दाखल कागदपत्रांवरून दिसून येईल" एवढंच लिहिलंत तर कुठला कागद हे साहेबांनी शोधायचं, आणि एवढा वेळ त्यांच्याकडे नसतो.

प्रतिवादीला विशेषणं लावत बसणं

"प्रतिवादी हा अत्यंत मुजोर, खुनशी व गुंड प्रवृत्तीचा इसम असून मनगटशाहीच्या जोरावर..." हे सगळं काढून टाका, खरंच काढा. त्याऐवजी कोणत्या तारखेला, किती वाजता, काय घेऊन आला, कोणी बघितलं आणि पोलीस स्टेशनला तक्रार दिली का, एवढं लिहिलं की माणूस कसा आहे ते वाचणाऱ्याला आपोआप कळतं.

सातबाऱ्यावर सगळी मदार ठेवणं

सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालक, असं ठोकून लिहितात. महसुली नोंदीमुळे मालकी मिळत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खरी आहे असं गृहीत धरतात, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणून मालकीसाठी खरेदीखत, वाटपपत्र वगैरे दाखवा आणि सातबारा कब्जासाठी वापरा. आणि समोरच्याने मालकीलाच खरोखर आव्हान दिलं असेल तर नुसत्या मनाईच्या दाव्यावर अडून बसू नका, अनाथुला सुधाकर (२००८) हा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा, मालकी ठरवून मागायची वेळ आलीय का ते तपासा आणि दाव्यात दुरुस्तीचा अर्ज लगेच द्या, कारण एकदा ट्रायल सुरू झाली की आधी का दिला नाही याचं उत्तर देत बसावं लागतं.

अडचणीचा कागद लपवणं

पक्षकार म्हणतो, वकीलसाहेब, तो हक्कसोड लेख दाखवू नका. ऐकू नका त्याचं. चेंगलवराया नायडू (१९९४) च्या केसमध्ये अगदी हेच झालं, वादीने आधीच करून दिलेला हक्कसोड लेख दाव्यात सांगितलाच नाही, आणि सुप्रीम कोर्टाने ती कोर्टाची फसवणूक धरली. अडचणीची गोष्ट तुम्ही स्वतः युक्तिवादाच्या मध्यावर घ्या, ती का आड येत नाही ते दोन-तीन वाक्यांत सांगा. समोरच्या वकिलाने काढली की तिचं वजन दुप्पट होतं.

एकतर्फी हुकूम मागताना कारण न देणं

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३९ नियम ३ प्रमाणे समोरच्याला नोटीस न काढता मनाई द्यायची तर कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात. ती कारणं तुमच्या अर्जात नसतील तर साहेब आणणार कुठून? "तातडी आहे" पुरत नाही. उद्या सकाळी जेसीबी लागणार आहे, हा बघा फोटो, नोटीस बजावून होईपर्यंत बांध राहणार नाही, असं लिहा. आणि हुकूम मिळाल्यावर समोरच्याला अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाव्याची नक्कल आणि कागदपत्रं पाठवून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, हे बरेच जण विसरतात आणि मग त्याच मुद्द्यावर हुकूम उठवायचा अर्ज येतो.

कैफियतीत सरसकट नकार

प्रतिवादीतर्फे असाल तर कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, "परिच्छेद ३ ते ११ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही" यावर भागवू नका. ऑर्डर ८ नियम ३ ते ५ प्रमाणे नकार मुद्द्यागणिक आणि स्पष्ट लागतो, गोलमाल नकार म्हणजे कबुली धरली जाऊ शकते.

सायटेशनचा ढिगारा

दहा निवाडे जोडण्यापेक्षा दोन जोडा, आणि कुठला परिच्छेद, त्यातल्या फॅक्ट आपल्याशी कशा जुळतात हे एका ओळीत लिहा. मूळ निकाल पूर्ण वाचल्याशिवाय नाव टाकू नका, विशेषतः एआयने काढून दिलेलं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्याकडे तर रोज त्याच साहेबांसमोर उभं राहायचंय, एकदा विश्वास गेला की पुढचं प्रत्येक पान ते संशयानेच वाचणार.

विनंती कलम घाईत उरकणं

सगळा जीव वरच्या पानांत ओततात आणि शेवटी लिहितात, "योग्य तो मनाई हुकूम व्हावा." कोणी, कोणत्या मिळकतीत, नेमकं काय करायचं नाही ते लिहा, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा टाका. हुकूम मोघम निघाला आणि उद्या प्रतिवादीने तो मोडला तर ऑर्डर ३९ नियम २अ खाली अर्ज करताना पहिला प्रश्न हाच येतो की त्याला नक्की कशाची मनाई होती.