'बरं वाटतंय' नको, आकडा टाका

रामदासपेठेतल्या आपल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात गुडघा बदललेल्या आजी येतात. "कसं आहे?" विचारलं की "बरं हाये जी." आपणही कॉम्प्युटरवर तेच टाकतो: 'पेशंट बरा'. महिन्याभरानं त्या नोंदीतून काय कळणार, कपाळ!

त्यापेक्षा डिजिटल केसपेपरमध्ये तीन रकाने करून घ्या: दुखणं ० ते १०, गोनिओमीटरनं (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) मोजलेला गुडघ्याचा वाक अंशांत, आणि टाइम्ड अप अँड गो चाचणीचे सेकंद (खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं). रकानाच हवा, मोकळ्या टिपेत लिहिलेल्या आकड्याचा आलेख निघत नाही.

खरा घोळ मोजण्यात होतो. खुर्ची तीच, चप्पल तीच, काठी असेल तर तशी नोंद. वाक पेशंटनं स्वतः वाकवलेला की आपण दाबून, हेही लिहा. माझ्या एका पेशंटचे ९५ अंश आठवड्यात ८५ झालेले दिसले. घाबरलो. निघालं असं, की आधी मी दाबून मोजला होता आणि नंतर सहकाऱ्यानं नुसता.

दुखणं एका अंकानं उतरलं म्हणून खूश होऊ नका. साधारण २ अंकांचा फरक अर्थपूर्ण धरतात. चाचणीला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर म्हाताऱ्या माणसाला पडण्याचा धोका समजा.

मापं पहिल्या दिवशी, मग दर दोन आठवड्यांनी. मे महिन्यात उन्हापायी पेशंट दांडी मारतात, ती गैरहजेरीही टाका. आणि स्क्रीन जरा आजींकडे वळवा; वाकाची चढती रेघ पाहून घरचा व्यायाम विचारतात.