पाहुण्यांना छोट्या वायनरीत टेस्टिंगला न्यायचंय? आधी हे वाचा

आमच्या नाशिकला पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच विषय निघतो, इथं ती वायनरी असते ना, तिथं नेणार का. आणि बहुतेकांच्या डोक्यात एकच नाव असतं, सुला. त्यात चूक काही नाही, राजीव सामंतांनी 1999 साली सुला सुरू केली आणि नाशिकची वाईन लोकांना माहीत झाली ती त्यांच्यामुळेच. पण शनिवार-रविवारी तिथं जत्रा असते, आणि जत्रेत वाईन कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मी गेली बरीच वर्षं पाहुण्यांना छोट्या वायनरीतच नेते. गंगापूर धरणाच्या बाजूला, दिंडोरीकडे, विंचूरला, इगतपुरीच्या आसपास अशा बऱ्याच आहेत, काही तर द्राक्ष बागायतदारांनीच काढलेल्या. 2001 मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं त्यानंतर यातल्या कितीतरी उभ्या राहिल्या. छोट्या ठिकाणी कसं असतं, ज्यानं वाईन केली तोच माणूस कधीकधी ग्लासात ओतून देतो आणि तोच तुमच्याशी बोलत बसतो. त्याच्यासाठीच जायचं, बाकी बाटली काय कुठल्याही दुकानात मिळते.

म्हणून पहिलं काम म्हणजे फोन. दोन-तीन दिवस आधी करा, किती जण आहात, त्यात न पिणारे किती, लहान मुलं आहेत का, जेवण मिळतं का, टेस्टिंगमध्ये किती वाईन देतात आणि माणशी किती पैसे, हे सगळं विचारून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. मी एकदा फेब्रुवारीतल्या रविवारी न कळवता नऊ जणांना घेऊन एका ठिकाणी गेले, तोडणी ऐन भरात होती, मागं क्रेट उतरवायचं चाललेलं आणि टेस्टिंगला एकटा मुलगा. त्यानं बिचाऱ्यानं सगळ्यांना ओतलं पण बोलायला त्याला वेळच नव्हता, वीस मिनिटांत आम्ही बाहेर. तेव्हापासून चार ते सहा जण, त्याहून जास्त नाही, आणि शक्यतो आठवड्यातला मधला दिवस. ड्राय डे पण बघून घ्या, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे तर आहेतच, मतदानाचे दिवस वेगळे. महाराष्ट्रात वाईनला वय 21 पूर्ण लागतं, त्यामुळे तरुण भाचे-पुतणे सोबत असतील तर आधार कार्ड घेऊन यायला सांगा.

कधी जायचं म्हणाल तर जानेवारी ते मार्च. तेव्हा तोडणी असते, वायनरी चालू असते, आत शिरल्या शिरल्या आंबवण्याचा तो गोडसर वास येतो. पावसाळ्यात हिरवंगार दिसतं, फोटो छान येतात, पण वेलीवर घड नसतात. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट मुद्दाम सांगा, त्यांच्याकडे थंडीत वेल झोपतो आणि वर्षातून एकदा छाटणी होते, आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून दोन छाटण्या, एप्रिलच्या सुमारास नव्या काड्या वाढवायला खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळाची. पीक मात्र एकच घेतात. माझा अमेरिकेतला चुलतभाऊ यावर अर्धा तास प्रश्न विचारत होता.

आता मिसळ. हे मी फार मनापासून सांगतेय. नाशिकला आलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो आधी मिसळ खाऊ मग वायनरी. नका करू. तर्रीनं जीभ पोळली की पुढचे दोन तास तुम्हाला पांढरी आणि लाल यातला फरक रंगावरूनच कळणार. रिकाम्या पोटी पण जायचं नाही, ते त्याहून वाईट. पोहे, उपमा, थालीपीठ लोणी, असं काहीतरी सौम्य आणि पोटभर, आणि निघायच्या आधी तासभर चहा-कॉफी, सुपारी, मसाला पान बंद. अजून एक, परफ्यूम आणि गजरा. माझी मावशी मोगऱ्याचा मोठा गजरा माळून आली होती, ग्लास नाकाशी नेला की मोगराच, आणि शेजारी बसलेल्यांना पण मोगराच. शेवटी तिनं तो काढून गाडीत ठेवला आणि मग पहिल्यांदा तिला वाईनचा वास आला. तेव्हा आधीच सांगून ठेवा, त्यांना वाईट वाटत नाही.

तिथं पोचलात की लगेच टेबलावर बसू नका. आधी बाग बघायला मागा, मग टाक्या, मग बॅरल, शेवटी ग्लास. या क्रमानं गेलं की ग्लासातलं समजतं. बागेत वाईनचं द्राक्ष खाऊन बघू द्या म्हणावं, आपण खातो त्या थॉम्पसनसारखं नसतं ते, बारीक असतं, साल जाड, आत बिया, आणि गोडी मात्र भरपूर. शिराझ म्हणजे लाल वाईनचं द्राक्ष, त्याचा काळा मणी बोटात धरून दाबायला लावा पाहुण्यांना. रस जवळजवळ पांढराच निघतो! मग लाल वाईन लाल कशी, असं सगळेच विचारतात आणि तिथंच उत्तर मिळतं, रंग सालीत असतो, लाल वाईन सालीसकट आंबवतात, पांढरीला साल आधीच बाजूला काढतात. हे ऐकून कळतं त्यापेक्षा बोटाला लागलेल्या जांभळ्या डागानं जास्त कळतं.

आणि न पिणाऱ्या पाहुण्याला घरी ठेवू नका, हे माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं. मावशीचे यजमान तासगावचे, आयुष्यभर द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड सांभाळलेलं, गळ्यात माळ, दारूला शिवायचा प्रश्नच नाही. मावशी म्हणत होती त्यांना कशाला न्यायचं, अवघडतील. मी वायनरीवाल्याला फोनवरच सांगून ठेवलं होतं की काका माळकरी आहेत पण बागायतदार आहेत. त्यानं काय केलं, सरळ त्यांना वेलींच्या मंडपाखाली नेलं आणि साखर मोजायचं ते नळीसारखं यंत्र हातात दिलं. काकांनी एक मणी पिळून काचेवर थेंब टाकला, उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि म्हणाले, तेवीस. म्हणजे बेदाण्याला लागते तेवढीच की! मग दोघं जे सुरू झाले, भुरी यंदा किती आली, केवड्याला काय मारलं, हे द्राक्षाचे रोग, एका वेलीवर घड किती ठेवता. वाईनसाठी घड मुद्दाम कमी ठेवतात हे ऐकून काकांना आधी पटेना, मग बराच वेळ पानं उलटून उलटून बघत होते. आमचं टेस्टिंग होईपर्यंत त्यांच्यासमोर द्राक्षाचा ताजा रस आणि भाजलेले शेंगदाणे, आणि त्या दिवसाबद्दल घरी गेल्यावर सगळ्यात जास्त बोलले ते काकाच. सांगायचा मुद्दा, न पिणाऱ्याची सोय तुम्ही आधी करायची, तिथं गेल्यावर सगळ्यांसमोर 'तुम्ही घेत नाही का' असं होता कामा नये, आणि आग्रह तर अजिबात नाही. जेवणातला आग्रह वेगळा, हा वेगळा.

टेस्टिंग म्हणजे साधारण पाच-सहा वाईन, प्रत्येकी दोन-तीन घोट. हलकी आधी, जड नंतर, गोड सगळ्यात शेवटी. ग्लास दांड्याला धरायचा, हाताच्या उबेनं वाईन गरम होते म्हणून. आधी नुसता वास, मग ग्लास टेबलावरच गोल फिरवून परत वास, मग छोटा घोट तोंडात दोन-तीन सेकंद फिरवायचा. पुढे 'कसला वास येतो' विचारलं की पाहुणे गप्प होतात, त्यांना वाटतं काहीतरी फ्रेंच नाव सांगायचंय. तुम्ही आपल्या शब्दांत सुरू करा. सॉव्हिन्यॉं ब्लांक आणि शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईन. सॉव्हिन्यॉं ब्लांकला बऱ्याचदा पेरू, कापलेली ढोबळी मिरची, ताजं गवत असा वास येतो. शेनिन ब्लांकला पिकलेली फळं आणि किंचित मध. शिराझला काळी मिरी आणि जांभूळ, जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी ओढल्यासारखी होते, ते टॅनिन. एकदा जांभूळ म्हटलं की टेबलावरचे सगळे बोलायला लागतात आणि कुणाला आईच्या हातचा मुरांबा आठवतो, कुणाला ओल्या मातीचा वास येतो. यात चूक-बरोबर काही नसतं.

टेबलावर एक भांडं असेल, त्यात तोंडातली वाईन थुंकायची किंवा ग्लासात उरलेली ओतायची. आपल्याकडे लोकांना हे फार विचित्र वाटतं, अन्न टाकायचं नाही ही सवय, त्यामुळे नको असलेली वाईनपण संपवतात. तुम्ही पहिल्यांदा ओता, म्हणजे बाकीचे मोकळे होतात. दोन वाईनच्या मध्ये पाणी, एखादा साधा ब्रेडचा तुकडा. दीड तास तरी द्या, घाई नको.

गाडीचं आधी ठरवा. जो चालवणार तो एक घोटही घेणार नाही, किंवा सरळ ड्रायव्हर करा. कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि टेस्टिंगच्या पाच-सहा वाईनचे घोट मिळून ती कधी ओलांडली जाते कळत नाही. शेताकडचे रस्ते अरुंद, संध्याकाळी अंधार, समोरून बिनदिव्याचे ट्रॅक्टर, त्यात मुंबईवाल्यांना पुढे कसारा घाट. मी पाहुण्यांना सकाळी अकराला नेते आणि चारपर्यंत घरी आणते.

बाटल्या घ्यायच्या तर जी खरंच आवडली तीच, दोन पुरे. इतकं समजावून सांगितल्यावर छोट्या माणसाकडून एकतरी घ्यावीच असं मला वाटतं. फिरकीचं झाकण बघून हलक्या प्रतीची समजू नका, ताज्या प्यायच्या वाईनला ते चांगलंच असतं. बिल जपून ठेवा. पाहुणे सुरत-वापीकडचे असतील तर बाटली सोबत देऊ नका, गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि पेठ किंवा सापुताऱ्याच्या रस्त्याला तपासणीत सापडलं तर त्रास त्यांना होणार, त्यांनी जे प्यायचं ते इथंच. उन्हाळ्यात डिकीत बाटल्या ठेवून जेवायला जाऊ नका, तासाभरात उकळल्यासारख्या होतात आणि चव जाते, मी घरून बर्फाचा डबा नेते. घरी पांढरी फ्रीजमध्ये, लाल प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या हवेत ती तशीच चांगली लागते. उघडलेली तीन-चार दिवसांत संपवा. गार शेनिन आणि गरम कोथिंबीर वडी करून बघा एकदा.

आणि मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी.