जबड्याच्या गाठींवर अँटिबॉडी लावायच्या आधी

ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) हातात घेतला की आधी एकच विचारा: यातलं हाड कापण्याआधी कशात मऊ केलं होतं? मी विचारलं नव्हतं. अमेलोब्लास्टोमावर केआय-६७ (वाढणाऱ्या पेशींची केंद्रकं तपकिरी दाखवणारी अँटिबॉडी) लावलं तर केंद्रकं जवळपास सगळी निळी, आणि शेजारच्या डेंटिजेरस सिस्टमध्ये तपकिरी ठिपके जास्त. हाड पोखरणारी गाठ शांत आणि अक्कलदाढेभोवतीची साधी पिशवी चपळ, असा उलटा निकाल मी खरा मानला, कारण कंट्रोलचं टॉन्सिल (रंग नीट बसतो का हे बघायला सोबत लावलेला तुकडा) झकास रंगलं होतं. गाइड सरांनी फक्त विचारलं, "ब्लॉकमध्ये हाड होतं का?" होतं. दोन दिवस नायट्रिक ॲसिडमध्ये होतं. टॉन्सिल ॲसिडमध्ये कधी गेलंच नव्हतं, मग ते मला काय सांगणार? सगळ्या केसेस पुन्हा काढाव्या लागल्या. बेळगावात ओरल पॅथॉलॉजीचा प्रबंध करणाऱ्या पुढच्या मुलामुलींवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

केसेस शोधताना जुनं रजिस्टर दोन नावांनी चाळा. ओडोंटोजेनिक केराटोसिस्टला (जबड्यातली दातांच्या पेशींपासून होणारी पिशवी) २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ट्यूमर म्हटलं आणि २०१७ मध्ये परत सिस्टमध्ये आणलं. मधल्या बारा वर्षांचे रिपोर्ट 'केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर' या नावाखाली असतात, एकाच नावाने शोधलं तर बऱ्याच केसेस निसटतात. सापडलेली प्रत्येक स्लाइड स्वतः परत वाचा. केराटोसिस्टची ओळख: पाच ते आठ थरांचं पातळ अस्तर, वर लाटांसारखं पॅराकेराटिन, तळाच्या पेशी कुंपणाच्या काठ्यांसारख्या ओळीत. सूज असलेल्या जागी हे रूप मोडतं आणि पेशींची वाढही बदलते, तिथे मोजू नका. आधी मार्सुपियलायझेशन (पिशवीला तोंड पाडून ती उघडी ठेवणं) झालं असेल तर तेही नोंदवा, कारण त्यानंतर अस्तर बदलतं.

नवीन पेशंट असेल तर संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत ठेवा. खानापूरकडच्या जंगलपट्टीतल्या आजींना कन्नड कागद समजत नाही, गोकाककडच्या काकांना मराठी. नुसता अंगठा म्हणजे संमती नव्हे, वाचून दाखवा. निपाणी-चिकोडीच्या दवाखान्यांना फॉर्मेलिनच्या बाटल्या आधीच पोचवा. बाटली नसली की तुकडा सलाइनमध्ये घालून बसने येतो आणि वाटेतच खराब व्हायला लागतो. न्यूट्रल बफर्ड, दहा टक्के, तुकड्याच्या किमान दहा पट. हे सगळ्यांना माहीत आहे, पण बाटली लहान मिळाली की सगळेच विसरतात.

आता परत हाड. तुकडा ग्रॉसिंगला (डोळ्यांनी तपासून कापायला) आला की अस्तर किंवा गाठीचा मऊ भाग हाडापासून हळूच सोडवा आणि त्याची वेगळी कॅसेट (तुकडा ठेवायची छोटी जाळीदार डबी) करा. तिला ॲसिड लावायचंच नाही. टेक्निशियन अण्णांना तोंडी सांगून भागत नाही, त्यांच्याकडे दिवसाला ढीगभर कॅसेट असतात. कॅसेटवर पेन्सिलने लिहा: 'ॲसिड नको'. जे हाडाला चिकटूनच आहे ते ईडीटीएमध्ये (हाडातलं कॅल्शियम सावकाश काढणारं द्रावण) टाका. त्याला आठवडे लागतात. सर्जन घाई करतील, त्यांना मऊ भागावरून रिपोर्ट द्या आणि हाड थांबू द्या. जोरकस ॲसिड प्रथिनं बिघडवतं आणि डीएनए तोडतं. उद्या त्याच ब्लॉकवर ब्राफ व्ही-६००-ई (ब्राफ जनुकातला एक बदल) बघायचं ठरलं तर हातात काही उरत नाही, आणि खालच्या जबड्याच्या अमेलोब्लास्टोमात तो बदल वारंवार सापडतो. जुने ब्लॉक ॲसिडचेच असतील तर कंट्रोलचं टॉन्सिलही त्याच ॲसिडमध्ये तितकाच वेळ ठेवून मग लावा. ते रंगलं नाही तर तुमच्या 'निगेटिव्ह'ला काही अर्थ नाही. ॲसिडची आणि बिनॲसिडची केस एका तक्त्यात शेजारी मांडू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

मार्कर, म्हणजे लावायच्या अँटिबॉडी, मोजकेच घ्या. वाढ मोजायला केआय-६७. केराटोसिस्टच्या तळाच्या थरासाठी बीसीएल-२. युनिसिस्टिक (एकाच पिशवीचा) अमेलोब्लास्टोमा की केराटोसिस्ट असा पेच असेल तर कॅलरेटिनिन, पण एकट्या त्याच्यावर निदान सोडू नका. एक्स-रेही जवळ ठेवा: केराटोसिस्ट हाडाच्या पोकळीतून लांबीला सरकतो, गाल उशिरा फुगतो. अमेलोब्लास्टोमा हाडाची भिंत बाहेर ढकलतो, दातांची मुळं खातो. आकड्याचा या वागण्याशी मेळ बसत नसेल तर आधी ब्लॉकवर संशय घ्या, म्हणजे पुन्हा ॲसिडवर.

अँटिबॉडी बेंगळुरूहून एप्रिल-मेमध्ये मागवू नका. मागवलीच तर कुरियर आलं त्याच तासाला फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंश, आणि लहान भाग करून.

स्लाइड कोटेडच हव्यात, नाहीतर बफरमध्ये उकळताना कुकरमध्ये सेक्शन (पातळ काप) सुटून जातात. सेक्शन तीन-चार मायक्रॉन. बफरचा पीएच त्याच दिवशी तपासा. वीज जाते, म्हणून ओव्हनचं काम रात्रभर एकटं सोडू नका. डीएबी (तपकिरी रंग आणणारं रसायन) हातमोजे घालून, सिंकमध्ये ओतायचं नाही.

मोजणी: हजार पेशी, दोघांनी वेगवेगळी. केराटोसिस्टमध्ये रंगलेल्या पेशी तळाच्या थरापेक्षा त्याच्या लगेच वर जास्त असतात, तो थर सोडू नका.

ब्लॉक परत ठेवताना रजिस्टरमध्ये हाड कशात आणि किती वेळ मऊ केलं ते लिहा. तसा रकाना नसेल तर पट्टी घेऊन आखा.